आधी जमीन, मग भिंत

खेळांची नियमपुस्तकं वाचण्याची मला खोड आहे. सामना पाहायला बसण्याआधी मी नियम काढून बसतो आणि पुष्कळदा नियम वाचण्याच्या नादात सामना पाहायचा राहून जातो. घरात याला रिकामटेकडेपणा म्हणतात. पण नियमपुस्तकाइतकं निर्मळ वाचन मला दुसरं सापडलेलं नाही. त्यात विशेषणं नसतात, कोणाची तरफदारी नसते आणि प्रत्येक कलमामागे कधीतरी, कुठल्यातरी मैदानात झालेलं एक भांडण उभं असतं. कलम जितकं लांबलचक, तितकं ते भांडण विकोपाला गेलं असणार, असा मी आपला अंदाज बांधतो.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. नियम नीट वाचले की त्या खेळाला कशाची धास्ती आहे ते कळतं. कबड्डीला दम चोरणाऱ्याची धास्ती आहे. खो-खोला उलट फिरणाऱ्याची. म्हणून पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की माघारी वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. क्रिकेटचं तर अर्धं पुस्तक माणूस कधी बाद धरायचा आणि कधी नाही यातच खर्ची पडलेलं. पॅडेल या रॅकेटच्या खेळाचे नियम हातात आले तेव्हा मी सवयीने तेच शोधत होतो. या खेळाला धास्ती आहे ती खेळ लवकर संपण्याची. बॉल जिवंत राहावा, आणखी एकदा परत यावा, यासाठीच जणू कलमामागून कलम रचलेलं आहे.

याचं कारण खेळाच्या जन्मात आहे. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को या समुद्रकाठच्या शहरात एन्रिके कोर्कुएरा नावाच्या श्रीमंत गृहस्थांनी आपल्या घरी कोर्ट बांधायला घेतलं. पैसा होता, पण हौशीला पुरेल एवढी मोकळी सपाट जागा नव्हती. टेनिसचं कोर्ट बसेना. जेवढं बसलं त्यात खेळावं, तर बॉल सारखा बाहेर जाणार. मग त्यांनी दोन्ही टोकांना भिंती घातल्या, बाजूंना जाळी लावली आणि भिंतीवरून परतलेला बॉलही खेळायचा असं ठरवून टाकलं. या नव्या प्रकाराचे पहिले नियम त्यांच्या पत्नी विवियाना यांनी लिहून काढले असं सांगतात. खरं असेल तर मला त्याचं नवल वाटणार नाही. घरात जागा कमी पडते तेव्हा कोणी कुठे उभं राहायचं याचे नियम बहुधा घरातली बाईच करते.

अडचणीच्या जागेतून खेळ काढायची विद्या आपल्याकडेही होती. वाड्याच्या चौकात, चाळीच्या बोळात, सोसायटीच्या दोन इमारतींमधल्या पट्ट्यात आम्ही क्रिकेट खेळलो. तिथेही भिंती होत्या, खिडक्या होत्या, वर वाळत घातलेले कपडे होते. पण आमचे सगळे नियम आउट करण्याचे. समोरच्या गॅलरीत बॉल गेला की आउट. वन टप्पा, वन हँड आउट. भिंतीवर थेट आपटला तरी आउट, आणि वर बॉल आणायचा तोही मारणाऱ्यानेच. जागा कमी आणि बॅटिंगला थांबलेली पोरं जास्त, त्यामुळे क्रीजवरच्याला लवकर घालवणं यातच सगळ्यांचं हित होतं. अकापुल्कोत रांग नव्हती. घरमालक, त्यांचे पाहुणे आणि मोकळी दुपार. त्यांना कोणाला घालवायचं नव्हतं, वेळ घालवायचा होता. अडचण तीच असली तरी भोवती माणसं किती आणि कोणती, यावर नियमांचा स्वभाव ठरतो तो असा.

पुढचा प्रवासही पाहुण्यांच्याच मार्गाने झाला. कोर्कुएरांचे स्नेही आल्फोन्सो डे होहेनलोहे हे राजघराण्यातले गृहस्थ स्पेनमध्ये मार्बेया इथे हॉटेल चालवत होते. १९७४मध्ये त्यांनी हा खेळ तिथे नेला. पुढच्याच वर्षी तो अर्जेंटिनात पोचला आणि तिथे श्रीमंतांचं कुंपण ओलांडून गावोगाव पसरला. स्पेनमध्ये नव्वदच्या दशकात पंतप्रधान होसे मारिया अझनार पॅडेल खेळायचे आणि त्याची चर्चा व्हायची. नंतर तिथल्या वसाहतींमध्ये, नगरपालिकांच्या क्रीडासंकुलांत कोर्टं झाली आणि हळूहळू तो शेजारीपाजाऱ्यांचा संध्याकाळचा खेळ झाला. १९९१ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि विवियानाबाईंच्या घरगुती नियमांची कलमं झाली.

ती कलमं आता आपल्याकडेही लागू आहेत. गेल्या काही वर्षांत मुंबईत आणि पुण्यात पॅडेलची कोर्टं उभी राहिली. माझी भाची बालेवाडीच्या बाजूला खेळायला जाते. तिच्या चौघांतला एकजण आजारी पडला की मला बोलावणं येतं. पॅडेलला चार माणसं लागतात. तीन असली तर काही होत नाही. म्हातारी माणसं अशा वेळी उपयोगी पडतात.

कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. बहुतेक ठिकाणी निळं कृत्रिम गवत आणि त्यावर बारीक वाळू. दोन्ही टोकांना ३ मीटर उंच काच आणि तिच्यावर एक मीटर जाळी. कोपऱ्यातून काच थोडी बाजूंनाही वळते, मग पायरीसारखी खाली उतरते आणि तिथून पुढे जाळी. पूर्वी काचेच्या जागी सिमेंटच्या भिंती असत. लोक बघायला येऊ लागले तशा त्या पारदर्शक झाल्या. मधे नेट, मध्यभागी ८८ सेंटिमीटर उंच. रॅकेटला तारा नसतात. भोकं पाडलेली जाड, आखूड फळी असते, जास्तीत जास्त साडेपंचेचाळीस सेंटिमीटर लांब. तिची दोरी मनगटात अडकवणं सक्तीचं आहे. बंद खोलीएवढ्या जागेत चार माणसं हात फिरवणार असतील तर ही सक्ती शहाणपणाची. बॉल दिसायला टेनिसचा, पण त्यातली हवा थोडी कमी, म्हणून उसळीही कमी. याबाबत एक कलम मला फार आवडलं. समुद्रसपाटीपासून ५०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी आणखी कमी उसळीचा बॉल वापरायला मुभा आहे. पुणं सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांतही पुणेकरांना वेगळी वागणूक मिळण्याची सोय आहे. हे मी कोर्टवर सगळ्यांना सांगितलं. कोणी विशेष दखल घेतली नाही.

खेळ सुरू होतो सर्व्हने. टेनिसमध्ये सर्व्ह हे हत्यार आहे. उंच माणसाने डोक्यावरून सणसणीत मारली की समोरच्याने नुसतं बघायचं. पॅडेलने ते हत्यार दारातच काढून ठेवायला लावलं. सर्व्हिसच्या रेषेमागे उभं राहायचं, बॉल आधी जमिनीवर टाकायचा, टप्पा घेऊन तो वर आला की कमरेच्या उंचीला किंवा त्याखाली मारायचा. निदान एक पाय जमिनीवर हवा. बॉल समोरच्या तिरक्या चौकोनात पडला पाहिजे. पहिली चुकली तर दुसरी संधी आहेच. पडल्यावर तो काचेला लागला तर चालतं, जाळीला लागला तर सर्व्ह चुकली. कारण जाळीवरून बॉल कुठे उडेल याचा भरवसा नसतो आणि सुरुवातीलाच समोरच्याला अशा पेचात टाकणं या खेळाला मंजूर नाही. नेटला घासून योग्य चौकोनात पडला आणि मग जाळीला लागला नाही, तर सर्व्ह पुन्हा घ्यायची. समोरच्यानेही सर्व्हचा टप्पा पडू द्यायचा, मधेच व्हॉली मारायची नाही. सर्व्ह म्हणजे इथे संभाषणाची सुरुवात. कोणीही ऐंशी टक्के नीट करू शकेल अशी ती केली आहे. साठीची बाई आणि विशीचा पोरगा एकाच कोर्टवर उभे राहू शकतात ते या कलमामुळे.

मग येतो गाभ्याचा नियम, आणि तो चार शब्दांत सांगता येतो: आधी जमीन, मग भिंत. तुम्ही मारलेला बॉल नेट ओलांडून समोरच्यांच्या जमिनीवर आधी टेकला पाहिजे. टेकल्यावर तो त्यांच्या काचेला लागो, जाळीला लागो, कोपऱ्यात दोन भिंतींना लागो, सगळं चालतं. दुसरा टप्पा पडायच्या आत तो परतवणं ही त्यांची जबाबदारी. पण जमीन चुकवून थेट त्यांच्या काचेवर किंवा जाळीवर गेला तर पॉइंट तुम्ही गमावला. आपल्या बाजूचा हिशेब वेगळा. अगदीच अडचणीत सापडलात तर आपल्याच काचेवर बॉल मारून, तिथून उसळवून तो नेटपलीकडे पाठवायला परवानगी आहे. पाठीमागच्या भिंतीकडे तोंड करून मारलेला तो फटका पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, माणूस रागावून निघाला. आपल्या जाळीवर मात्र असं मारता येत नाही.

भिंतीला खेळात घेतलं की माणसाच्या स्वभावात फरक पडावा लागतो. मी तरुणपणी बॅडमिंटन खेळलो. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला लागलं की संपलं, त्यामुळे त्याच्या आत पोचायचं हेच सगळं शिक्षण. पॅडेलमध्ये बॉल अंगावरून मागे जाताना दिसतो, हात आपोआप उठतो आणि शेजारून भाची ओरडते, "मामा, सोड! सोड ना, काच देतेय परत!" आणि काच खरंच देते. बॉल मागे जाऊन आपटतो, वेग थोडा गमावतो, आणि आपण वळून तयार होईपर्यंत शांतपणे पुढे येतो. आधीच्या क्षणी जो हातून गेला असं वाटत होतं, तो आता मनासारखा मारता येतो. तिथे तरुण पोरं दमदार स्मॅश मारतात आणि चकित होतात; जितका जोरात मारावा तितका बॉल मागच्या काचेवरून जास्त लांब परत येतो आणि समोरच्यांना आयता मिळतो. ताकदीला इथे व्याज मिळत नाही. उलट सावकाश उचललेला, दोघांच्या डोक्यांवरून मागच्या कोपऱ्यात उतरणारा लॉब समोरच्या जोडीला नेटवरून मागे पळायला लावतो. अनुभवी खेळाडूंची निम्मी कमाई त्या लॉबवर चालते.

मग जोराचा स्मॅश कधी फळतो? बॉल टप्पा घेऊन कोर्टच्या बाहेर उडाला तर, किंवा समोरच्या काचेवर आपटून नेट ओलांडून पुन्हा आपल्याकडे आला तर. तोही शेवट नियमांनी सोपा ठेवलेला नाही. बाहेर पुरेशी मोकळी जागा राखलेली असेल, तर बाजूच्या दारातून बाहेर धावत जाऊन, दुसरा टप्पा पडायच्या आत बॉल आत पाठवायची परवानगी आहे. व्यावसायिक सामन्यांत हे दृश्य दिसतं: खेळाडू दारातून बाहेर, कॅमेरावाले बाजूला, आणि बॉल उंचावरून पुन्हा आत. तसंच, बॉल टप्पा घेऊन तुमच्या काचेवरून परत नेटपलीकडे निघाला असेल, तर नेटवरून हात पलीकडे नेऊन तो मारता येतो. एरवी पलीकडे हात नेणं चूक आहे. दोन्ही वेळी नेटला मात्र ना अंग लागता कामा, ना रॅकेट. इतर खेळांत रेषेबाहेर गेलेली गोष्ट सोडून द्यायची असते. इथे नियम म्हणतात, पळत असशील तर बघ प्रयत्न करून.

चार माणसांचं गणितही या जागेनेच घालून दिलं आहे. सर्व्ह कोणी परतवायची ते ठरलेलं असतं, पुढचा कुठलाही बॉल जोडीतल्या कोणीही घ्यावा. दहा मीटरांत दोघं, मागे काच, पुढे नेट. एक नेटवर आणि दुसरा मागे राहिला की मधे मोठं भगदाड पडतं, म्हणून दोघांनी बरोबर पुढे जायचं, बरोबर मागे यायचं. "माझा", "तुझा", "सोड" हे तीन शब्द दिवसभर ऐकू येतात. अर्जेंटिनाच्या पेवाहो या गावचा फर्नांडो बेलास्तेगिन २००२पासून सलग १६ वर्षं जगात पहिला होता. त्याची आणि हुआन मार्टिन डिआझची जोडी १३ वर्षं टिकली. त्या जोडीबद्दल वाचताना मला फटक्यांपेक्षा त्या तेरा वर्षांचं अप्रूप वाटतं. एका काचेच्या पेटीत, कायम दबावाखाली, एकमेकांच्या डोक्यावरून गेलेले बॉल उचलत तेरा वर्षं काढायची तर खेळाबाहेरचंही बरंच काही यावं लागतं.

गुणांची पद्धत टेनिसचीच: १५, ३०, ४०, गेम; सहा गेमचा सेट, दोनची आघाडी, ६-६ झाल्यावर टायब्रेक. या बाबतीत मात्र माझी एक तक्रार आहे. ४०-४० झालं की जुन्या पद्धतीने लागोपाठ दोन पॉइंट मिळवावे लागत आणि ती ओढाताण कितीही लांबे. २०२०मध्ये त्या वेळच्या वर्ल्ड पॅडेल टूरने गोल्डन पॉइंट आणला: ४०-४०ला एकच पॉइंट, आणि सर्व्ह कोणत्या बाजूला घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवणार. थरार वाढला, सामने आटोपशीर झाले, टीव्हीवाल्यांची सोय झाली. हौशी कोर्टांवरही हीच पद्धत सर्रास चालते, कारण तास भरत आलेला असतो आणि पुढचे चौघं दाराशी उभे असतात. म्हणजे अखेर रांग इथेही आलीच. खेळ लांबवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात खेळ आटोपणारी ही ओळ मला उपरी वाटते. सवड असेल तेव्हा जुन्या पद्धतीने खेळावं असं माझं मत आहे, आणि भाचीच्या गटात ते तीन विरुद्ध एक मतांनी नेहमी फेटाळलं जातं.

पॅडेल फार सभ्य खेळ आहे असं यावरून कोणी समजू नये. कुंपणापलीकडे बॉल जाऊ नये म्हणून भिंती घातल्या, पण आवाज भिंती जुमानत नाही. जाड फळीवर आणि काचेवर बॉल आपटल्याचा टणटणीत आवाज रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि युरोपात अनेक ठिकाणी रहिवाशांनी त्याविरुद्ध तक्रारी केल्या, काही प्रकरणं कोर्टात गेली. काचेच्या नव्हे, न्यायाधीशाच्या. आपल्याकडे मोकळ्या प्लॉटवर आणि गच्चीवर कोर्टं होत आहेत, तेव्हा हा विषय आज ना उद्या सोसायटीच्या सभेत येणारच. शिवाय आपल्याकडे तो अजून तासाच्या भाड्याचा खेळ आहे. स्पेनमध्ये नगरपालिकेने कोर्टं बांधल्यावर तो सगळ्यांचा झाला. आपल्या महापालिका ते करतील तेव्हा करतील. तोवर चौघांनी भाडं वाटून घेतलं तरी ते प्रत्येकाला परवडणारं नाही, हे मान्य करूनच त्याचं कौतुक करावं.

आणि एक गोष्ट नियमपुस्तकात असूनही कोर्टवरच शिकावी लागते. आधी जमीन की आधी भिंत, हा या खेळाचा कणा; पण मागच्या कोपऱ्यात, जिथे काच आणि गवत मिळतात, तिथे बॉल क्षणार्धात दोन्हींना लागतो. कशाला आधी लागला? दुसरा टप्पा पडला होता की बॉल त्याच्या आत उचलला? मोठ्या सामन्यांत पंच असतो. संध्याकाळच्या खेळात पंच नसतो, आणि रिवाज असा की आपल्या बाजूचं आपण सांगायचं. म्हणजे ज्या पॉइंटवर तुमचा फायदा-तोटा आहे, त्याचा निवाडा तुमच्याच तोंडून यायचा. लांबून बघणाऱ्या समोरच्या दोघांना तो दिसलेला नसतो. तुम्ही "दुसरा टप्पा होता" म्हणालात तर पॉइंट जातो, गप्प बसलात तर राहतो. गल्लीत आम्ही ओरडून निकाल लावायचो. ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची बॅट, त्याचं खरं. काचेच्या आत आवाज सगळ्यांचा घुमतो, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. आमच्या गटात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. संशय आला की ते पॉइंट समोरच्यांना देऊन टाकतात आणि पुढच्या सर्व्हला उभे राहतात. त्यांच्याशी वाद घालायची सोयच नसते. मला तो पुस्तकातल्या कुठल्याही कलमापेक्षा चांगला नियम वाटतो.

तेव्हा कोणी खेळायला बोलावलं तर जरूर जा. पायात पक्के बूट घाला, रॅकेटची दोरी मनगटात अडकवा, बॉल मागे गेला तर घाबरू नका, काचेला तिचं काम करू द्या. कोपऱ्यात काय झालं ते विचारलं तर खरं सांगा. आणि जाण्याआधी नियम एकदा वाचून जा. कोर्टाला तासाचे पैसे पडतात, नियम फुकट आहेत.